ओला साचा

(हुपरी येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षेपाने)

मंडळी, भीतीवर बोलायला चांदीकामाच्या हुपरीत यायचं ठरलं आणि माझं काम सोपं झालं. दुपारी इथल्याच एका घरात भट्टी पाहत बसलो होतो. चांदी वितळते 961 अंश सेल्सिअसला. मूस पहिल्यांदाच चिमट्यात धरलेल्या पोराचा हात कापत होता. शेजारचा म्हातारा कारागीर त्याला ‘भिऊ नकोस’ असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला, ‘‘साचा वाळलाय का, आधी ते बघ.’’

साच्यात ओल राहिली, तर तिची क्षणात वाफ होते आणि तापलेला रस अंगावर उडतो. ही भीती त्या म्हाताऱ्यालाही आहे, असायलाच हवी. पोराच्या मनात मात्र जाळ, मूस, ‘सांडलं तर मालक काय म्हणेल’, सगळं एकात एक कालवलेलं. म्हाताऱ्यानं त्यातली कामाची भीती तेवढी वेगळी काढून त्याच्या हातात दिली. ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणून आपण भिणाऱ्याला हसतो. भ्यायचं नेमकं कशाला, ते कुणी सांगत नाही.

आता माझंच सांगतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कोल्हापुरातल्या आमच्या घरात पाणी आलं. दोन रात्री माळ्यावर काढल्या. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे आपल्याकडं पोरासोरांनाही पाठ. मी मात्र वीस फुटांनाच पिशवी भरून बहिणीकडं हातकणंगल्याला पळायला लागलो. पाणी यायचं नाही. पण मन ते ‘पळालो म्हणून वाचलो’ असं जमेला धरायचं. पुढच्या पावसाळ्यात अठरा फुटांनाच पाय उचलला.

शेवटी एका समुपदेशक बाईंकडं गेलो. त्यांनी पाणी पात्रात असताना पंचगंगा घाटावर बसायला लावलं. अट एकच, उठायचं नाही. छातीत धडधड, घसा कोरडा, तळहात ओले. वीसेक मिनिटं गेली आणि धडधड आपसूक उतरली. ती उतरते, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. त्याआधीच मी दर वेळी पळालेलो! एका बैठकीत भागलं नाही म्हणा, आठ-दहा वेळा जावं लागलं.

सारखं बघत राहणं हेही पळण्यासारखंच. चांदीचा दर घ्या. दिवसातून पन्नासदा मोबाइलवर भाव बघणारे समोर बसलेत, हसू नका. बघून भाव हलत नाही, धाकधूक तेवढी वाढते.

बाईंनी एक कागदही लिहून घेतला. 39 फुटांना कागदपत्रं आणि औषधं पिशवीत. 43 च्या आत घर सोडायचं, आईला आधी हलवायचं. 39 च्या खाली असताना पातळी फक्त सकाळ-संध्याकाळ बघायची. तो कागद आजही आमच्या फ्रिजवर आहे. वीस फुटांना पोटात गोळा अजून येतो. पिशवी मात्र खुंटीलाच राहते.

तुमच्यापैकी कुणाची भीती झोप, जेवण, धंदा खात असेल, तर एकट्यानं झुंजू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. रात्री-अपरात्रीही लावा.