माठाचा घाम



उन्हाळ्यातल्या व्याख्यानाला आलेल्यांचे निम्मे लक्ष कोपऱ्यातल्या माठाकडे असते, असा माझा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. तेव्हा आज त्या माठावरच बोलतो.

माठातले पाणी गार का होते, असे विचारले की हमखास उत्तर येते, 'माती थंड असते म्हणून.' तसे काही नाही. कोरडा, रिकामा माठ दुपारभर सावलीत ठेवून आत हात घाला. आतली हवा बाहेरच्याइतकीच तापलेली लागेल. गारव्याचे गुपित मातीच्या छिद्रांत आहे. कुंभार मातीत राख किंवा घोड्याची लीद कालवतो. लीद भट्टीत जळून जाते आणि तिच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. त्यांतून पाणी पाझरते, माठाच्या अंगावर पसरते आणि वाफ होऊन उडते. माठाला घाम येतो म्हणा ना.

उडणारे पाणी रिकाम्या हाताने जात नाही. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला एक कॅलरी पुरते. पण तेच पाणी आपल्या नेहमीच्या तापमानाला वाफ होऊन जायचे, तर सुमारे ५८० कॅलरी लागतात. ही उष्णता तापमापीत दिसत नाही, म्हणून शालेय पुस्तकांत तिला अप्रकट उष्मा म्हणतात. वरणाला उकळी आल्यावर जाळ वाढवला तरी डाळ लवकर शिजत नाही, नुसते पाणी आटते, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. त्यामागची उष्णता मोजून मांडली ती ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने, १७६०च्या दशकात.

आता आपला हिशेब करू. दहा लिटरच्या माठातून २०० ग्रॅम, म्हणजे जेमतेम पेलाभर पाणी उडाले, तर ते १,१६,००० कॅलरी घेऊन जाते. तेवढ्याने उरलेले पाणी जवळजवळ १२ अंशांनी उतरायला हवे. प्रत्यक्षात इतके उतरत नाही, कारण भोवतालची गरम हवा माठाला सतत उष्णता परत देत असते.

शिवाय हवा कोरडी हवी. मे महिन्यात नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेली तापमापी २३ अंशांच्या आसपास येऊन थांबते. रत्नागिरीत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर ती २८च्या खाली जायला तयार नसते. माठाची धावही तिथपर्यंतच. विदर्भात वाळ्याच्या ताट्या आणि कूलर जीव वाचवतात, आणि तोच कूलर कोकणात लावला की खोली चिकट होते, त्याचे कारण हेच. आपला घामही याच नियमाने बांधलेला. '३३ अंशांत कसले उकडते?' असे हसणाऱ्या नागपूरकराने दोन दिवस रत्नागिरीत राहून पाहावे.

फ्रीजही हेच करतो. त्याच्या नळ्यांत एका द्रवाची वाफ होते आणि ती आतली उष्णता उचलते. फरक एवढाच की तिथे वाफेला पुन्हा द्रव करायला वीज लागते आणि उचललेली उष्णता आपल्याच स्वयंपाकघरात सोडली जाते.

अलीकडे बाजारात तैलरंगाने रंगवलेले, नक्षीदार माठ दिसतात. दिवाणखान्यात शोभतील, पण पाण्यासाठी मला ते निरुपयोगी वाटतात. छिद्रेच बुजवली तर पाझरणार काय? जुना माठही असाच मंदावतो, पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात म्हणून.

आज घरी गेल्यावर माठावरून बाहेरून हात फिरवा. कोरडा लागला तर काथ्याने घासा, कोपऱ्यातून काढून तिवईवर, वारा लागेल तिथे ठेवा. तरीही कोरडाच राहिला, तर कुंभाराकडून नवा आणा, बिनरंगाचा.