माप खरे सांगावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. पण मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून चार शब्द सांगते.

माझ्या भाचीचे नुकतेच लग्न झाले होते. खोकला हटेना, म्हणून तिला छातीच्या फोटोला घेऊन गेले. आमच्या आधी एक धिप्पाड गृहस्थ होते. ते बाहेर येताच फोटो काढणाऱ्या मुलाने यंत्रावरचे आकडे बदलले. मी विचारले, "भाऊ, यंत्र तेच, फोटो छातीचाच, मग आकडे का बदलता?"

तो हसून म्हणाला, "मावशी, एका मापाचे पोलके सगळ्यांना बसते का?"

मग त्याने समजावले. एक आकडा किरणांच्या जोराचा, दुसरा मात्रेचा. अंगाची जाडी चार-पाच सेंटिमीटर वाढली की मात्रा जवळजवळ दुप्पट लागते. लहान मुलाला थोडी पुरते, आणि ते हलते म्हणून वेळही अगदी कमी ठेवायचा. छातीत पाणी झाले असेल तर किरण जास्त लागतात. म्हातारपणी हाडे विरळ झाली की कमी. पूर्वी फिल्मवर मात्रा जास्त झाली की फोटो काळा पडे आणि चूक उघडी होई. आता संगणकावर जास्त मात्रेचा फोटोही छानच दिसतो. म्हणून आकडे आधीच जपून लावायचे.

नंतर त्याने भाचीला विचारले, "पाळी चुकली आहे का?" बाकावर माणसे बसलेली. पोरीने मान खाली घातली. मीच घाईने म्हणाले, "छे, तसले काही नाही!"

पंधरा दिवसांनी कळले, तिला दिवस गेले होते. त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. डॉक्टरीणबाईंनी धीर दिला की, छातीच्या फोटोत गर्भापर्यंत किरण नावालाच पोचतात. एरवी निसर्गातून दहाएक दिवसांत अंगावर येतात, तेवढेच त्या एका फोटोचे. बाळ सुखरूप आहे. पण फोटो कमरेचा किंवा पोटाचा असता तर?

१८९५ साली राँटजेनसाहेबांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला, तेव्हा या मात्रेची जाण कोणालाच नव्हती. आज ती आहे. पण आपण खरे सांगितले तरच ती उपयोगी.

तेव्हा भगिनींनो, फोटोला भिऊ नका. वय, वजन, आजार आणि दिवसांची शंका स्पष्ट सांगा. चारचौघांत लाज वाटली तर बाजूला बोलावून सांगा. जुना फोटो असेल तर बरोबर न्या. आणि लेकीसुनांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनाच देऊ द्या. माझ्यासारखी घाई करू नका.