घरात सिग्नल एकच हवा

(गणेशोत्सवातील पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डिप्लोमा करून रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलेला माणूस. बालमानसशास्त्र हा माझा प्रांत नाही. पण लहान मुलाचा हट्ट हाताळताना घरातल्या मोठ्या माणसांकडून कोणत्या चुका होतात, त्या मी जवळून पाहिल्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी चूक माझी होती. तीच सांगतो.

आमचे चिरंजीव आता आठवीत आहेत. ते अडीच वर्षांचे असताना आम्ही पेरांबूरला क्वार्टरमध्ये राहत होतो. सौ. नोकरीला जायची. घरी मिरजेहून आलेली माझी आई आणि मुलाला सांभाळायला एक तमिळ बाई. त्यांना आम्ही अक्का म्हणत असू. चार माणसे, चार कायदे! टीव्हीसाठी पोरगा जमिनीवर लोळू लागला की सौ. म्हणायची, "नाही म्हणजे नाही." आई म्हणायची, "लेकरू आहे, लावा थोडा वेळ." अक्का "अळादे कण्णा", म्हणजे 'रडू नको रे', म्हणत हातात बिस्किट द्यायच्या. त्यानेही भागले नाही तर आई बागुलबुवाला बोलवायची आणि अक्का पूच्चांडीला. भीतीसुद्धा दोन भाषांत! आणि रात्री आठला दमून येणारा मी? रडणे कानांवर नको म्हणून टीव्ही लावून मोकळा.

एका संध्याकाळी त्याने अक्कांच्या हाताला कडकडून चावा घेतला. सौ.ने त्याला धपाटा घातला, आईने पदराखाली घेतले. दोघींची वादावादी झाली. आई म्हणाली, "मी परकी असेन, तर उद्याच्या गाडीने मिरजेला जाते." अक्का काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत.

मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. त्या तमिळमध्ये एवढेच म्हणाल्या, "दिवसभर मी नको म्हणते. रात्री तुम्ही येऊन हो म्हणता. मग तो माझे का ऐकेल?"

परतताना मला आमच्या खात्यातला नियम आठवला. सिग्नल नीट दिसत नसेल, अर्धवट असेल, तर ड्रायव्हरने तो धोक्याचाच समजायचा. लहान मूल नेमके उलटे करते. चारांपैकी एकाने जरी हिरवा दाखवला, की त्याच्या लेखी लाइन क्लिअर! कधी पाच मिनिटे रडून मिळते, कधी वीस मिनिटे. कधीतरी मिळतेच, हे कळल्यावर ते रडणे सोडील कशाला? त्यात त्याचा लबाडपणा नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला हवे-नको कळते, पण ते सांगायला शब्द पुरत नाहीत आणि मनाला आवर घालण्याची शक्ती अजून तयार व्हायची असते. भूक किंवा झोप असेल तर विचारायलाच नको.

याच शहरात, अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत, १९३९ साली मारिया माँटेसरी यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. या वयात मुलाला सुव्यवस्थेची फार ओढ असते, असे त्यांचे सांगणे होते. आपल्या ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी तर त्याआधीच, १९२६ साली, नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. मार आणि धाक यांवाचून मूल वाढवता येते, हा विचार आपल्याकडे शंभर वर्षे जुना आहे. आपणच तो घरापर्यंत आणत नाही.

त्या रविवारी पोरगा झोपल्यावर आम्ही चौघे चहा घेऊन बसलो. अक्काही बसल्या. तीनच नियम ठरले. मारणे-चावणे नाही. रस्त्यावर हात सोडायचा नाही. जेवताना टीव्ही नाही. हे नियम चौघांनाही सारखे. बाकी ज्याचे त्याने पाहावे. अक्का गॅलरीत 'काक्का' दाखवत दहीभात भरवायच्या, आई काऊचा घास म्हणायची. त्यात वाद घालण्याजोगे काही नव्हते. आजीचा लाडू आजीचाच राहिला. चौथी गोष्ट मोठ्यांसाठी होती. जो मुलाजवळ असेल त्याचा शब्द शेवटचा. पटला नाही तर मूल झोपल्यावर बोलायचे, त्याच्यासमोर नाही.

रडू लागला की जवळ बसायचे, लागणार नाही एवढे पाहायचे, व्याख्यान द्यायचे नाही. शांत झाला की कुशीत घ्यायचे, पण मागितलेली वस्तू द्यायची नाही. पहिले आठ-दहा दिवस हट्ट वाढलाच! बहुतेक घरे इथेच हार मानतात. एका रात्री माझा हात रिमोटकडे गेला, तेव्हा "वेण्डाम सार" असे अक्कांनीच मला बजावले. हळूहळू रडणे कमी झाले. संपले नाही, पण आईने तिकीट काढले नाही आणि अक्का पुढे तीन वर्षे आमच्याकडे होत्या.

एक सूचना. मूल रडताना श्वास धरून निळे पडत असेल, स्वतःला इजा करत असेल, किंवा पाच वर्षांनंतरही हे थांबत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा.

आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील सहा महिने गावी आणि सहा महिने इथे असतात. मुले आयाकडे किंवा पाळणाघरात वाढतात. या सर्वांना आपण पगार देतो, मान देतो, पण विचारात घेत नाही. आज घरी गेल्यावर त्यांना एवढेच विचारा, "दिवसभर तुम्ही त्याला काय सांगता?" सुरुवात तिथूनच होईल.