शिक्क्यामागचा विश्वास

कावेरीकाठच्या कुंभकोणमला विमानतळ नाही. एके काळी तंजावरच्या मराठा राज्यात मोडणाऱ्या या देवळांच्या गावातील माणूस परदेशी निघाला, की तिरुचिरापल्लीची वाट धरतो. तेथे तो ज्या विमानात पाऊल टाकतो, ते पुष्कळदा एका देशात घडलेले, दुसऱ्या देशात नोंदलेले आणि तिसऱ्या देशात उतरावयाचे असते. ते उडण्यास योग्य आहे, हे ठरवावयाचे कोणी? प्रत्येक देश प्रत्येक विमान मुळापासून तपासू लागला, तर आकाश ओस पडेल.

या अडचणीवर ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या कराराने तोड काढली. विमान ज्या देशात नोंदलेले असेल, त्या देशाने त्यास उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र व वैमानिकांस परवाने द्यावेत; ते ठरलेल्या किमान दर्जास उतरत असतील, तर इतर देशांनी ते मान्य करावेत, असे या कराराचे ३३ वे कलम सांगते. हा दर्जा ठरविण्याचे काम मॉंट्रिअल येथील आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना करते.

परंतु मान्यता म्हणजे डोळे मिटून ठेवलेला विश्वास नव्हे. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेने भारताच्या विमान-सुरक्षा देखरेखीची प्रतवारी खाली आणली. ठपका विमानांवर नव्हता, तपासणी करणाऱ्या यंत्रणेवर होता. उणिवा दूर झाल्यावर एप्रिल २०१५ मध्ये पूर्वीची प्रत परत मिळाली. पुढे परीक्षकाचीच परीक्षा झाली. अमेरिकेने प्रमाणित केलेल्या बोइंग ७३७ मॅक्स जातीच्या दोन विमानांना अपघात होऊन ३४६ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा मार्च २०१९ मध्ये चीन, युरोपीय देश व भारत यांनी अमेरिकेच्या आधीच ती विमाने जमिनीवर उतरविली. एकमेकांवर विश्वास ठेवणारी राष्ट्रे एकमेकांस प्रश्नही विचारू शकतात, म्हणूनच त्या विश्वासाला किंमत आहे.

हे कुंभकोणमला निराळे सांगावयास नको. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका शाळेचे शाकारलेले छप्पर पेटले आणि ९४ मुले दगावली. कागदावरचा शिक्का आग अडवीत नाही. शिक्का उमटविण्यापूर्वी जो स्वतः जाऊन छप्पर पाहून येतो, तोच ती अडवितो. मग ते छप्पर शाळेचे असो वा विमानाचे.