संगणक-प्रणालीची निगा आणि आपली जबाबदारी

(वार्षिक सर्वसाधारण सभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या रुग्णालयाची संगणक-प्रणाली सांभाळण्याचे काम एका मोठ्या कंपनीकडे का सोपवावयाचे, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी विचारला आहे. या सेवेस ‘अ‍ॅप्लिकेशन मॅनेजमेंट’ म्हणतात. प्रणाली उभारणे निराळे आणि ती चालू ठेवणे निराळे. बिघाड दुरुस्त करणे, नियम बदलताच प्रणालीत तसा बदल करणे, माहितीची प्रत रोज सुरक्षित ठेवणे, हे निगेचे काम अखंड चालते. सन २००४ मध्ये भारती समूहाच्या दूरसंचार कंपनीने आपल्या संगणक-व्यवस्थेचा भार दहा वर्षांच्या कराराने आयबीएमकडे सोपविला होता.

आम्हांस या निगेची गरज बिलाच्या खिडकीपाशी जाणवते. मुंबई उच्च न्यायालयाने सन २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या असतात. त्यांच्या उपचारांसाठी बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. पात्रतेची उत्पन्न-मर्यादा वेळोवेळी वाढविली गेली आहे. असा बदल प्रणालीत वेळेवर झाला नाही, तर ज्याला मोफत उपचारांचा हक्क आहे त्याच्याच हाती पूर्ण बिल पडते.

कंपनीच्या हिशेबी एक चुकीचे बिल ही किरकोळ तक्रार ठरू शकते. आमच्या हिशेबी ते एका कुटुंबाचे कर्ज आहे. म्हणून कोणती तक्रार तातडीची, हे रुग्णालयच ठरवील, अशी अट आम्ही करारात घालणार आहोत.

दुसरी दक्षता आमची आम्हीच घ्यावयाची आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ल्यामुळे दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील सर्व्हर बंद पडले आणि सुमारे दोन आठवडे कामकाज हाताने लिहून चालवावे लागले. यास्तव छापील केसपेपर व नोंदवह्या प्रत्येक विभागात ठेवल्या जातील आणि त्यांवर काम करण्याचा सराव नव्या कर्मचाऱ्यांनाही दिला जाईल.

देणगीदारहो, इमारतीवर आपल्या नावाची कोनशिला बसते. निगेच्या खर्चावर कोणाचीही पाटी लागत नाही. तरीही या खर्चास आपण उदार मनाने हातभार लावावा, अशी नम्र विनंती आहे. काम कंपनीकडे सोपविता येते. रुग्णांविषयीची जबाबदारी मात्र आपलीच राहते.