पहिला अनुभव कुठून आणायचा?

कंधारहून नांदेडला मुलाखतीला गेलेल्या पोरापुढं पहिलाच प्रश्न येतो, ‘अनुभव किती?’ कुणी कामच दिलं नाही, तर अनुभव यायचा कुठून? आयटीआय झालेल्या मुलामुलींनी शिकाऊ उमेदवारीकडं, म्हणजे अप्रेंटिसशिपकडं, जरूर बघावं. 1961 च्या कायद्यानुसार तिथं दरमहा विद्यावेतन मिळतं. आपली एसटीसुद्धा असे उमेदवार घेते. डिझेल मेकॅनिक झालेला पोरगा तिथं बसखाली शिरतो, नट सोडवतो, हात ग्रीसनं काळे होतात. वर्गात वाचलेलं हाताला कळतं ते तिथंच. कायम नोकरीची हमी मात्र नसते, हे आधीच समजून घ्या. सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी मोफत आहे. ‘लावून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातावर रुपयाही ठेवू नका.