गच्चीवरून येणारी काळी केबल



पावसाळा तोंडावर आला की गच्चीवरच्या डिशची आठवण होते. डिश हलली का, बॉक्स बिघडला का, हे सगळे विचारतात. मधल्या केबलकडे मात्र कुणी बघत नाही. आपण दुकानात 'डिशची वायर द्या' म्हणतो आणि स्वस्तातलं भेंडोळं घेऊन येतो. मला हे फार खटकतं, कारण चांगली केबल ओळखायला ब्लेड आणि छोटंसं लोहचुंबक पुरतं.

केबलचं टोक सोलून पाहा. मधोमध एकच तार. तिच्याभोवती पांढरा, फेसासारखा हलका प्लॅस्टिकचा थर. त्यावर ॲल्युमिनियमचा चकचकीत कागद, मग बारीक तारांची जाळी आणि सर्वांत बाहेर काळं आवरण. ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1880 मध्ये इंग्लंडमध्ये अशा रचनेचं पेटंट घेतलं. सिग्नल मधली तार आणि जाळी यांच्यामधल्या जागेतून धावतो. त्यामुळे तो बाहेर निसटत नाही आणि बाहेरचा गोंधळ आत शिरत नाही. पण त्यासाठी पांढऱ्या थराची जाडी टोकापासून टोकापर्यंत सारखी राहायला हवी. केबल खिडकीच्या झडपेत चेंगरली किंवा कोपऱ्यावर काटकोनात मोडली, की सिग्नलचा काही भाग तिथूनच मागे फिरतो.

आवरणावरची छापील अक्षरं वाचा. टीव्हीसाठी 75 ओहमची केबल लागते. वायरलेस संच आणि हौशी रेडिओ केंद्रं 50 ओहमची वापरतात. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून वाचूनच घ्यावी. 75 हा आकडा उगाच आलेला नाही. आत नुसती हवा असलेल्या केबलमध्ये सिग्नलची घट 77 ओहमच्या आसपास सर्वांत कमी असते. 50 मध्ये घट आणि जास्त शक्ती वाहून नेण्याची क्षमता यांचा मेळ घातलेला असतो.

आता घटीबद्दल. उपग्रहाकडून डिशवर येणाऱ्या लहरी 10 गिगाहर्ट्झच्या वरच्या असतात. त्या तशाच केबलमध्ये सोडल्या तर वाटेतच विरतील. म्हणून डिशसमोरचं एलएनबी हे छोटं उपकरण त्यांना 950 ते 2150 मेगाहर्ट्झवर उतरवतं आणि भरपूर वाढवून खाली पाठवतं. आर.जी. 6 या नेहमीच्या केबलमध्ये 1000 मेगाहर्ट्झला 100 मीटरमागे साधारण 20 डेसिबल घट होते, 2150 ला 30 च्या वर. दर 3 डेसिबलला शक्ती निम्मी होते. म्हणजे 30 मीटरच्या केबलमधून वरच्या टोकाच्या लहरींचा जेमतेम दहावा हिस्सा घरात पोचतो. एलएनबीनं आधीच वाढवलेलं असल्यामुळे एरवी तेवढ्यावर निभतं. मुसळधार पावसात मुळात आभाळातूनच कमी येतं, आणि तेव्हा बारीक गाभ्याची जुनी आर.जी. 59 किंवा मध्ये दोन-तीन जोड असलेली केबल उघडी पडते. उंच इमारतीत गच्चीवरून खालच्या मजल्यापर्यंत 60-70 मीटर उतरायचं असेल, तर जाडजूड आर.जी. 11 चे पैसे मोजावेत.

मधल्या तारेला लोहचुंबक लावा. चिकटलं तर आत पोलाद आहे, वर फक्त तांब्याचा मुलामा. ही फसवणूक नव्हे. इतक्या वेगानं कंप पावणारा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. 1000 मेगाहर्ट्झला त्याची खोली सुमारे 2 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा अगदी छोटा अंश. सिग्नलला मुलामा पुरतो. पण याच केबलमधून बॉक्स वर एलएनबीला वीजही पाठवतो, 13 किंवा 18 व्होल्टची, आणि कोणत्या दिशेच्या लहरी घ्यायच्या हे त्या व्होल्टवरूनच ठरतं. ही वीज तारेच्या पूर्ण जाडीतून जाते आणि पोलाद तिला तांब्यापेक्षा कितीतरी जास्त अडवतं. केबल फार लांब असली की वर पोचेपर्यंत ते 18 व्होल्ट घसरतात आणि काही चॅनेल एकदम नाहीसे होतात. लांब अंतरासाठी अखंड तांब्याचीच तार मागा.

जाळीही निरखून पाहा. विरळ जाळीतून आतला चकचकीत कागद मोकळा दिसतो. दाट जाळीतून तो जेमतेम डोकावतो. मोबाइल टॉवरजवळ राहणाऱ्यांनी दाटच घ्यावी.

उत्तम केबलही टोकाशी हमखास बिघडते. कनेक्टर लावताना जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला की खेळ संपला. हातानं पिळून बसवायचे कनेक्टर गच्चीवर लावू नयेत, असं माझं ठाम मत आहे. हत्यारानं दाबून बसवायचे घ्यावेत आणि वर पाण्याला दाद न देणारी टेप गुंडाळावी. तिथून शिरलेलं पाणी जाळीतून झिरपत खाली उतरतं आणि तारा काळ्या पडतात. भिंतीतल्या भोकात शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी बाहेरच ठिबकेल.